दक्षिणेची पाख

जुम्म्याची नमाज आटोपून फुजैल सरळ भावाच्या घरी आला आणि नेहमीसारखा पडवीतच बसला. आत बोलावलं तरी तो येत नसे. "इथे वारा आहे," म्हणायचा. मे महिन्यातल्या त्या दुपारी पडवीत वाऱ्याचं नाव नव्हतं.

शहाबानोने पाण्याचा तांब्या बाहेर पाठवला नाही, स्वतः नेऊन दिला. दीर आज का आलाय हे तिला ठाऊक होतं. घराचं काय करायचं ते ठरवायला तिन्ही भावंडं समोरासमोर हवीत, म्हणून झकेरियानेच त्याला बोलावलं होतं. धाकटी सायमा घरातच होती. तलाक होऊन परत आल्यापासून ती दक्षिणेकडच्या दोन खोल्यांत राहत होती. उत्तरेकडच्या खोल्या झकेरियाच्या. मधल्या आढ्यावरून छपराच्या दोन पाखा दोन्ही बाजूंना उतरत. सासरे वारले तेव्हा हे सगळं तोंडी ठरलं होतं. नवीन पनवेलमध्ये फ्लॅट आणि लाद्यांचं दुकान असलेल्या फुजैलचा वाटा कुठला, हा विषय मात्र तेव्हाही कुणी काढला नव्हता.

"अदीब कसा आहे?" फुजैलने विचारलं.

"झोपलाय. मशीन लावलंय."

"दिवसासुद्धा?"

"न्यूमोनिया झाल्यापासून दिवसासुद्धा."

फुजैलने मान हलवली आणि तांब्यातलं पाणी एका दमात संपवलं.

अदीबचे स्नायू लहानपणापासून झिजत आले होते. आधी पाय गेले, मग हात, आणि आता विसाव्या वर्षी छातीची पाळी आली होती. श्वास घ्यायला त्याला मशीन लागे आणि मशीनला वीज. गेल्या जुलैत वादळात मोहल्ल्याची लाइट गेली ती दुसऱ्या दिवसापर्यंत आलीच नाही. इन्व्हर्टर मध्येच बंद पडला. तेव्हा शहाबानोने हाताने दाबायच्या रबरी पिशवीने मुलाच्या छातीत हवा भरली होती. सायमा आणि ती आळीपाळीने. झकेरिया तेव्हा कुवेतला होता. फोनवर त्याला फक्त बायकोचा श्वास ऐकू येत होता. पुढच्याच महिन्यात तो एसी दुरुस्तीची नोकरी सोडून कायमचा परत आला. आता पावसाळ्याआधी छपरावर सोलर पॅनेल आणि घरात नव्या बॅटऱ्या बसवायच्या, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

पॅनेलवाला प्रभाकर आला तो खांद्याला पिशवी लावून. जासईचा माणूस, बोलायला मोकळा. छपराखाली उभा राहून त्याने दोन्ही बाजू पाहिल्या आणि म्हणाला, "भाय, उत्तरंच्या पाखंवर ऊन नाय. लावायचं तर दक्षिणंलाच."

"ती सायमाची बाजू आहे," फुजैल म्हणाला.

दारात उभ्या असलेल्या सायमाने त्याच्याकडे पाहिलं.

प्रभाकरने पडवीत वर्तमानपत्र पसरून त्यावर दोन वस्तू ठेवल्या. एक लांब जाड बोल्ट, त्यात ओवलेली काळी रबरी चकती. दुसरा पोलादी हूक, दोनदा वाकवलेला, खालच्या टोकाला भोकं असलेली पट्टी.

"ह्यो बोल्ट कौलाला भोक पाडून आरपार वाशात जातो. वर रबर, रबरावर सिलिकॉन. एका दिवसात काम. आनि ह्यो हूक. कौल उचलायचं, पट्टी वाशाला स्क्रूनं आवलायची, हुकाचा हात दोन कौलांच्या मधून भाईर काढायचा. वरचं कौल परत जाग्यावर. भोक पडत नाय. पन वेल जातो, न् जुनी कौलं फुटतात. खरं सांगू? आमची समदी कामं स्लॅबवरची. पनवेलमदी कौलं राहिलीत कुठं आता?"

फुजैलने बोल्ट उचलला. रबर नखाने दाबून पाहिलं. "हे उन्हात किती टिकेल? दोन-तीन उन्हाळे. मग चिरा पडणार. पाणी बोल्टच्या कडेने सरळ वाशात. वासा कुजला की तुमचं पॅनेल वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या अंगणात."

"म्हणजे हूक लावायचा," झकेरिया म्हणाला.

"भाईजान, मी हूक लावा म्हणत नाहीये." फुजैलने बोल्ट खाली ठेवला. "मी म्हणतोय, छपराला हात लावण्याआधी घराचं बोलूया. आता यात पैसा आणि मेहनत घातली की हे घर पुढची वीस वर्षं असंच राहणार. बिल्डर अजून थांबलाय. आपण तिघांनी हो म्हटलं की तो काम सुरू करेल. इथे इमारत झाली तर अदीबला लिफ्ट मिळेल, जनरेटर मिळेल. लाइट गेली तरी मशीन थांबणार नाही. मी काय दुश्मन आहे का?"

"तुला कोण दुश्मन म्हणतंय?"

"भाभींच्या चेहऱ्यावर दिसतं."

शहाबानो दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "फुजैलभाई, इमारत बांधायला किती वर्षं लागतील?"

"तीन. फार तर चार."

 डॉक्टरांनी काय सांगितलंय ते घरच्या सगळ्यांना माहीत होतं. प्रभाकरला माहीत नव्हतं. शांतता पसरली तेव्हा आपल्या मालाबद्दल शंका असावी असं त्याला वाटलं.

"पॅनेलला पंचवीस वर्सांची ग्यारंटी हाय, भाय," तो म्हणाला. "त्याची फिकीर नको."

झकेरियाने खाली पाहिलं. शहाबानो वळून आत जायला निघाली. तेवढ्यात आतून मास्कमधून घुमल्यासारखा आवाज आला.

"अम्मी, त्यांना आत येऊन बोलायला सांग. बाहेर बसून माझ्याबद्दल बोलतात ते अर्धंच ऐकू येतं."

फुजैल उठला नाही. त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली.

*

सायमाने चहाचं आधण ठेवलं, पण पावडर टाकायची विसरली. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक तपकिरी ओघळ होता. तीन-चार वर्षांपूर्वी डिशची छत्री लावायला आलेल्या माणसाने कौलाला भोक पाडून खांब बसवला होता. वर काळं डांबर फासलं, "एक थेंब यायचा नाही," म्हणाला. त्या पावसाळ्यात तांदळाच्या डब्याखाली पाणी साचलं. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरली. छत्री काढून टाकली, कौल बदललं, तरी ओलीचा वास गेला नाही. भावांपैकी कुणी ते बघायला छपरावर चढलं नव्हतं. एकजण परदेशात, दुसरा दुकानात.

बिल्डर पहिल्यांदा आला तेव्हा फुजैलने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुझ्या नावावर एक खोली-स्वयंपाकघर. तुझं स्वतःचं. कुणाच्या मेहेरबानीवर नाही." कुणाच्या मेहेरबानीवर नाही, हे शब्द तिने कितीदा मनात घोळवले होते. म्हणून घराचा विषय निघाला की ती फुजैलच्या बाजूला बसायची. मोठ्या भावाच्या घरात, मोठ्या भावाच्या छपराखाली राहून.

शहाबानो आत आली. तिने पावडरचा डबा काढून आधणात दोन चमचे टाकले आणि गॅस बारीक केला.

"भाभी," सायमा म्हणाली, "माझ्या खोलीवर लावणार. मला कुणी विचारलं का?"

"मी विचारायला आलेय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

शहाबानोने पावडरच्या डब्याचं झाकण लावलं. "तर नाही. तुझ्या भाईजानना मी सांगेन."

"आणि अदीबला काय सांगशील? फुफीने नाही म्हटलं?"

"नाही. त्याला सांगेन, वासे कमकुवत निघाले. छपराला वजन झेपलं नसतं."

सायमा तिच्याकडे बघत राहिली. त्या जुलैत दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. एकीचे हात भरून आले की दुसरी पिशवी घ्यायची. बोलणं झालंच नव्हतं. आज ही बाई तिच्यासाठी मुलाशी खोटं बोलायला तयार होती, आणि तेही असं सांगत होती, जसं उद्या काय भाजी करायची ते.

"तू माझ्यावर रागवत का नाहीस?" सायमाने विचारलं. "मी फुजैलभाईच्या बाजूने बोलते, तुला माहितेय."

"तुला तुझं घर हवंय. त्यात राग कसला? मी तुझ्या जागी असते तर मीही तेच मागितलं असतं."

चहा उतू जाऊ लागला. सायमाने गॅस बंद केला. ती कपात चहा गाळू लागली.

"एकाही कौलाला भोक पडणार नाही," ती म्हणाली. "एकाही. तो बोल्ट मला माझ्या छपरावर दिसता कामा नये. हूक लावा, हवे तेवढे दिवस घ्या, कौलं फुटली तर नवी आणा. आणि पाऊस यायच्या आधी वरून पाणी सोडून मला दाखवा. सुकं राहिलं तर राहू द्या. नाहीतर सगळं उतरवायचं. एवढं कबूल असेल तर चढा."

शहाबानोने मान हलवली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याच वेळी स्वयंपाकघरातला पंखा हळू होत होत थांबला. सायमा दचकली आणि पातेल्यातला उरलेला चहा तिच्या हातावर सांडला.

*

फुजैलला आधी काही कळलंच नाही. पडवीतून त्याला दिसलं की भाभी धावत गेली. मग आतून मशीनची शिट्टी सुरू झाली. एकसारखी, कानात घुसणारी.

"इन्व्हर्टर लोड घेत नाहीये," झकेरिया आतून ओरडला. "बॅटरी गेली. फुजैल, तुझ्या गाडीची बॅटरी किती व्होल्टची?"

"बाराची."

"चावी दे. प्रभाकर, पाना घेऊन ये माझ्याबरोबर."

फुजैलने चावी फेकली. दोघं रस्त्याकडे पळाले. तो पडवीत एकटाच उभा राहिला. कुठे उभं राहावं ते त्याला कळेना.

"फुजैलभाई," भाभीची हाक आली. "इकडे या. लवकर."

तो आत गेला. या खोलीत गेल्या वर्षभरात तो दारापलीकडे आला नव्हता. अदीब उशांवर कलंडून बसला होता. मशीनची नळी काढून ठेवलेली. त्याचा चेहरा फुजैलला ओळखू येईना, इतका तो लहान दिसत होता. शहाबानो पलंगावर चढून दोन्ही हातांनी मास्क त्याच्या नाकातोंडावर घट्ट धरून बसली होती. मास्कला रबरी पिशवी जोडलेली.

"सायमाच्या हातावर चहा सांडलाय, तिला धरता येत नाही. तुम्ही पिशवी दाबा. मी मास्क धरते, हवा बाजूने जाता कामा नये."

"मला येत नाही, भाभी."

"येईल. बसा."

तो पलंगाच्या कडेला बसला आणि पिशवी दाबली. जोरात. अदीबचे डोळे विस्फारले.

"घाईने नाही," शहाबानो म्हणाली. तिचा आवाज अगदी खालचा होता. "त्याच्या छातीकडे बघा. तो श्वास सुरू करतो, दिसतं का? तेव्हा दाबायचं. हळू. आता सोडा. तो सोडतोय ना, तुम्हीही सोडा."

फुजैलने बघितलं. सदऱ्याखाली एक बारीकशी हालचाल सुरू व्हायची आणि तिथेच अडायची. दार ढकलणाऱ्याचं बळ अर्ध्यात संपावं, तशी. तिथे त्याने पिशवी दाबली. छाती वर आली. सोडली. पुन्हा ती हालचाल. पुन्हा दाबली.

बाहेर रिक्षा वाजली, कुणीतरी गाडीच्या बॉनेटशी झटापट करत होतं. सायमा दारात ओला फडका हाताला गुंडाळून उभी होती. फुजैलच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, पण पुसायला हात मोकळा नव्हता. त्याला एकाएकी समजलं की आपण मोजत नाही आहोत, विचारही करत नाही आहोत. फक्त त्या छातीची वाट बघतोय. आणि ही बाई, जिला तो इतकी वर्षं हट्टी म्हणत आला, ती जुलैत रात्रभर हेच करत बसली होती. तो तेव्हा नवीन पनवेलमध्ये होता. लाइट त्याच्याकडेही गेली होती, पण इमारतीचा जनरेटर चालू झाला आणि तो झोपला.

अदीब त्याच्याकडे बघत होता. मास्कमुळे बोलता येत नव्हतं. त्याने फक्त डोळे मिटले, आणि पुन्हा उघडले. बरं चाललंय, असं काहीतरी.

झकेरिया बॅटरी दोन्ही हातांत धरून आत आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर काळं ग्रीस लागलेलं. प्रभाकरने वायरी जोडल्या. मशीन किणकिणलं आणि सुरू झालं. शहाबानोने पिशवी काढून नळी लावली, मास्कचे पट्टे मागे नीट केले. मग पलंगावरून उतरताना तिचा तोल गेला आणि फुजैलने तिला कोपराला धरून सावरलं.

फुजैल न्हाणीत गेला, तोंडावर पाण्याचे हबके मारले. तिथे तो बराच वेळ थांबला. बाहेर आला तेव्हा पडवीत पसरलेल्या वर्तमानपत्रावरून त्याने तो वाकडा हूक उचलला. कोपऱ्यात जुन्या कौलांची रास होती, त्यातलं एक कौल घेतलं, हूक त्याच्याखाली घालून बघितला. कौल एका बाजूने उचललं गेलं, बोट जाईल एवढी फट राहिली.

"हे असं बसवलं तर पश्चिमेचा पाऊस या फटीतून सरळ आत येईल," तो प्रभाकरला म्हणाला. "कौलाच्या पोटाला हुकाच्या रुंदीची खाच घासावी लागेल. आणि खालच्या कौलावर हूक टेकता कामा नये. टेकला तर पॅनेलचं वजन पडून कौल तडकणार."

"घासायला गेलो तर कौलं फुटतात, भाय. मी बोललो ना."

"हातात घाई असली की फुटतात." फुजैलने कौल खाली ठेवलं. "ग्राइंडर माझ्या दुकानात आहे. मी घासतो."

झकेरिया त्याच्याकडे बघत राहिला. मग तो वळला आणि दारातल्या बहिणीसमोर जाऊन उभा राहिला.

"सायमा," तो म्हणाला, "तुझ्या छपरावर चढू का आम्ही?"

तुझ्या छपरावर, असं या घरात कुणी आजवर म्हटलं नव्हतं. सायमाने ओल्या फडक्यातला हात छातीशी धरला. तिची अट तिने पुन्हा सांगितली, सगळ्यांदेखत, एक शब्द न गाळता. फुजैल ऐकून म्हणाला, "कबूल. आणि भाईजान, इमारत होवो न होवो, ही बाजू तिच्या नावावर व्हायला हवी. ते आपल्याकडून राहून गेलंय."

"राहिलंय खरं," झकेरिया म्हणाला.

*

अदीबचा पलंग फुफीच्या खोलीत हलवला, कारण बॅटऱ्या तिथल्या भिंतीला ठेवायच्या होत्या. त्यामुळे काम चालू होतं तेवढे दिवस तो दक्षिणेच्या पाखेखाली पडून होता. छप्पर त्याने आयुष्यभर खालूनच पाहिलेलं. कौलांखाली आडव्या रिपा, रिपांखाली उभे वासे. पडून राहणाऱ्याला दुसरं काय बघायचं असतं? उत्तरेकडचे वासे त्याला तोंडपाठ होते. हे नवे होते.

पहिल्या दिवशी वरून कौलं उतरवली तेव्हा आभाळ घरात आलं. प्रभाकरने एकेक वासा हातोडीने ठोकून पाहिला. बहुतेक जुन्या सागाचे होते आणि खणखणले. स्वयंपाकघराच्या वरचा एक मात्र भसभशीत वाजला. डिशच्या भोकातून गेलेलं पाणी दोन पावसाळे त्यात मुरलं होतं. स्क्रू दाबला तर बोटाने आत गेला. सायमाने खालून तो कुजका तुकडा हातात घेऊन पाहिला आणि अंगणात फेकून दिला. वासा बदलावा लागला. जिथे हूक आणि वासा जुळत नव्हते तिथे दोन वाशांना धरून आडव्या फळ्या ठोकल्या. पुण्याहून मागवलेले हूक गंज न धरणाऱ्या पोलादाचे होते. खाडीच्या खाऱ्या हवेत दुसरं काही टिकलं नसतं, असं अब्बा म्हणाले.

चाचा रोज दुकान नोकरावर टाकून यायचे. अंगणात बसून नाकाला रुमाल बांधून कौलं घासायचे. लाल धूळ त्यांच्या भुवयांवर बसायची. सुरुवातीला बरीच कौलं फुटली. नंतर कमी.

पॅनेल चढवण्याआधी पाणी सोडायचं ठरलं. सकाळची वेळ होती. शेजारच्या नळाला पाइप जोडला. चाचा शिडीवरून पाखेवर चढले आणि पाइपचं तोंड खालून वर धरलं, पश्चिमेचा पाऊस तिरका येतो तसं. खाली अम्मी, अब्बा, फुफी भिंतीला टेकून उभी राहिली, सगळ्यांच्या माना वर. प्रभाकर पलंगापाशी बॅटरीचा टॉर्च घेऊन उभा.

कौलांवर पाणी तडतडायला लागलं. पागोळ्या अंगणात पडू लागल्या. अदीब वाट बघत होता. रिपा कोरड्या, वासे कोरडे. मग त्याला एक दिसलं. रिपेच्या खालच्या कडेला एक थेंब जमला, लांबला आणि त्याच्या चादरीवर पडला.

"इथे," तो म्हणाला. आवाज वर पोचला नाही. अब्बांनी ओरडून सांगितलं. पाणी बंद झालं.

फुफीने डोळे मिटले. अम्मीने तिचा हात धरला.

वर पावलं सरकली. मग अदीबच्या थेट वर एक कौल उचललं गेलं आणि तिथे आभाळाचा एक चौकोन उघडला. त्यात चाचांचा चेहरा आला, उलटा, घामाने आणि पाण्याने निथळणारा.

"हेच का?"

"हेच. वरून तिसरा हूक."

"खाच कमी पडलीय. कौल टेकतंय हुकावर." चाचांनी कौल मांडीवर घेतलं आणि कानशीने घासायला सुरुवात केली. बारीक लाल पूड चौकोनातून खाली झिरपली. अम्मीने अदीबच्या डोळ्यांवर हात धरला. त्याने मान हलवून तो बाजूला करायला लावला.

"अम्मी, तुम्ही सगळे जरा बाहेर जा," तो म्हणाला. "मला चाचांशी बोलायचंय."

अम्मी थबकली. मग ती गेली, आणि तिच्यामागे बाकीचे. कानशीचा आवाज थांबला.

"चाचा."

"बोल."

"तुम्ही एवढं करताय. हे सगळं मला किती दिवस लागणार आहे असं वाटतं तुम्हाला? खरं सांगा. घरात कुणी सांगत नाही."

 चाचांच्या हनुवटीवरून एक थेंब सुटला आणि अदीबच्या मनगटावर पडला. तो पाण्याचा होता की कशाचा, ते विचारण्यासारखं नव्हतं.

"मला माहीत नाही, बेटा," चाचा म्हणाले. "डॉक्टरलाही नाही. फार दिवस नसतील कदाचित. पण जेवढे असतील तेवढे तुझ्यावर पाणी पडणार नाही. एवढं मी बघतो."

अदीबने त्या चौकोनाकडे पाहिलं. चाचांच्या खांद्यामागून एक बगळा खाडीच्या दिशेने गेला. छातीतली हवा मशीनने भरली, मशीनने सोडली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "बसवा."

कौल सरकत आलं. आभाळ अर्धं झालं, मग पट्टीएवढं, मग गेलं. खट् असा आवाज आला, कौलाची खुंटी रिपेवर बसल्याचा. चाचांनी वरून तळहाताने दोनदा थोपटलं.

"पाणी!" ते ओरडले.

सगळे पुन्हा आत आले. फुफी यावेळी भिंतीपाशी थांबली नाही. ती पलंगाशी येऊन अदीबच्या उशाशी बसली आणि त्याच्या नजरेच्या रेषेत वर बघायला लागली. पाणी सुरू झालं. आधी हळू, मग जोरात. कौलांवरचा आवाज इतका वाढला की मशीनचा आवाज त्यात बुडून गेला. रिपेच्या कडेला ओल होती ती तशीच राहिली. वाढली नाही. थेंब जमला नाही.

अब्बा काही विचारणार होते. अदीबने डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. अजून थोडा वेळ तो बघत राहिला.

"फुफी, तू सांग," तो म्हणाला. "तुझं छप्पर आहे."

सायमाने उठून हात वर केला. पलंगावर उभी राहून तिने वासा चाचपला, मग रीप, मग कौलाचं पोट, जिथे पोलादाचा हात बाहेर गेला होता तिथे. बोटं खाली आणून तिने सगळ्यांना दाखवली. बोटांना फक्त लाल धूळ होती.

"कोरडं आहे," ती मोठ्याने म्हणाली, वर ऐकू जाईल असं. "फुजैलभाई, कोरडं आहे! चढवा पॅनेल."

वर पाइप बंद झाला नाही. फुजैल अजून एकेका हुकापाशी पाणी सोडतच होता.